तलंगांचा वॉर्ड

३ फेब्रुवारी, सोमवार

सात नंबरची पाठ उघडी पडलीय! शेपटीच्या जरा वर, बिस्किटाएवढी जागा — पीस नाही, नुसती गुलाबी कातडी. सकाळी दाणे टाकताना दिसली. उचलून बघितली. डोळे टपोरे, चोच स्वच्छ, खाणं राक्षसासारखं. म्हणजे दुखणं आतलं नाही, बाहेरचं आहे.

ह्यांना हाक मारली. हे कपाळावर चष्मा ठेवून चष्मा शोधत आले. ‘‘अगं, वयात येताहेत. कपडे बदलत असतील.’’

तेही शक्य आहे, नाही असं नाही. अकरा आठवड्यांच्या तलंगा — पिल्लं म्हणावीत तर थोराड, कोंबड्या म्हणाव्यात तर अंड्याचा अजून पत्ता नाही. या वयात पिल्लाची पिसं जाऊन कोंबडीची येतात. पण मग येताहेत कुठे? पीस गळलं की तिथे नव्याचा कोंब दिसायला हवा. इथे कातडी कोरी. मला फसवणं सोपं नाही! छत्तीस वर्षं बायकांचा सर्जिकल वॉर्ड सांभाळलाय, चाळीस खाटांचा. मोठमोठे डॉक्टर टेबलाशी येऊन विचारायचे — सिस्टर, तुम्हाला काय वाटतं? बारा तलंगा म्हणजे डाव्या हातचा मळ.

वहीच्या शेवटच्या पानावर चार्ट आखला. बारा ओळी, रोजचा एक रकाना. पायातल्या कड्यांवर नंबर आधीच आहेत. ते घातले तेव्हा हे हसले होते — ‘‘कोंबड्यांना खाटेचे नंबर!’’ आता कळेल कशासाठी ते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळचा राऊंड. सात नंबर — जागा वाढली. चार नंबर — तीच जागा, तेच लक्षण. अकरा नंबर — शेपटीच्या मुळाशी दोन-तीन पिसं कमी. बाकीच्या नऊजणी ठणठणीत.

एकीच्या तीन झाल्या एका दिवसात. वॉर्डात खरूज अशीच पसरायची. किडा आहे. मी सांगते, किडा आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

तिघींना वेगळं काढून न्हाणीघरात ठेवलं. त्यांनी असा गिल्ला केला की कुणी त्यांच्या माना मुरगळतंय असं वाटावं. दहा मिनिटांत शेजारच्या चौकशीबाई कुंपणाशी हजर. बाईंची नोकरी बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत झाली. नोकरी सुटली, चौकशी सुटली नाही. काय झालं, कधीपासून, औषध काय, उडून आमच्याकडे येईल का — सगळं विचारून झाल्यावर म्हणतात, ‘‘अहो पण तुमची लेकच आहे ना जनावरांची डॉक्टर? काखेत कळसा नि गावाला वळसा! लावा की फोन.’’

‘‘ती कामात असते,’’ म्हटलं आणि आत आले.

असेलही कामात. मला काय माहीत? चौदा महिने झाले, आमचं बोलणं नाही.

तिला माणसांची डॉक्टर होता आलं असतं. मार्क होते. माझ्या वॉर्डात राऊंडला येणाऱ्या त्या डॉक्टरांच्या रांगेत माझी लेक — एवढं एकच स्वप्न मी बघितलं होतं. तिनं फॉर्म भरला तो जनावरांचा. शिकत होती तोवर मी काही बोलले नाही. म्हणजे रोज बोलले. मग तिनं चार तासांवरच्या गावात स्वतःचा दवाखाना काढला, फोन केला — ‘‘आई, फीत तू कापायचीस.’’ आणि मी म्हणाले, शेळ्यांची बाळंतपणं करायला तुला वाढवलं नव्हतं. म्हणाले, वर्षभरात पाटी उतरवशील, लिहून ठेव.

ती ‘‘बरं’’ म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तिचं ह्यांच्याशी बोलणं होतं, ते मला ठाऊक आहे. मी विचारत नाही, हे सांगत नाहीत. आठवण येते. येते! कागदाला सांगायला काय जातंय? पण फोन तिनं करायचा. मी आई आहे.

न्हाणीघराचं दार ह्यांनी दुपारी गुपचूप उघडलं. तिघी पुन्हा खुराड्यात. माझ्या वॉर्डात असं कुणी केलं असतं तर मेमो दिला असता.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सात नंबरच्या उघड्या कातडीवर रक्ताचे दोन-तीन बारीक थेंब. खाजवून खाजवून केलं असणार. कोमट पाण्यानं पुसलं, कापसानं टिपलं, ट्रंकेतली बाटली काढून लाल औषध लावलं. चार आणि अकरालाही लावलं, खबरदारी म्हणून. ड्रेसिंगच्या बाबतीत तरी मला कुणी शिकवू नये. तिघींच्या पाठी लालभडक, अगदी नटल्यासारख्या दिसताहेत. सकाळ-संध्याकाळ लावणार.

हे चौकातल्या दाणेवाल्याकडे जाऊन येतो म्हणाले. विचारतो, म्हणे. त्या पोत्यांच्या थप्पीमागे पेपर वाचत बसणाऱ्या माणसाला काय विचारणार? पण जाऊ देत. तेवढंच फिरणं होतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दाणेवाला वाटला होता तेवढा बथ्थड नाही! ह्यांच्याजवळ त्यानं प्रश्न पाठवलेत. पीस मुळापासून गळलंय की मध्येच तुटलंय? कातडीवर खपली आहे का? आणि पाठीवर काय शोधताय, शेपटीखाली बुडाशी बघा. सकाळच्या उन्हात, पिसं उलटी फुंकून.

हे प्रश्न ह्यांनी कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून आणले होते. हयातभर नकाशे काढले ह्यांनी, अक्षर मोत्यासारखं. चौथा प्रश्न खोडलेला होता. विचारलं तर म्हणाले, ‘‘चुकून लिहिला.’’

प्रश्न चांगले आहेत, मान्य करते. मलाही सुचले असते, एखाद्या दिवसानं.

९ फेब्रुवारी, रविवार

सापडल्या!

सात नंबरला मांडीवर उताणी घेतली, उन्हाकडे तोंड करून. शेपटीखालची पिसं फुंकली आणि बघते तर गव्हाळ रंगाच्या उवा, तिळाहून लहान, उजेड पडताच सैरावैरा. पिसांच्या मुळाशी लिखांचे पांढरे गठ्ठे, जणू कुणी साखर चिकटवलीय. ओरडलेच मी, ‘‘अहो, या! सांगत नव्हते मी?’’ ह्यांनी भिंग आणलं. दोघं डोक्याला डोकं लावून तासभर बाराजणींची बुडं तपासत बसलो. लग्नाला चौतीस वर्षं झाली, इतका वेळ एका जागी आम्ही कधी बसलो असू असं वाटत नाही.

बाराच्या बाराजणींना उवा आहेत. नऊजणींना कमी, त्या तिघींना जास्त.

दाणेवाल्यानं पावडरीचं नाव दिलं होतं. गुरांच्या औषधांच्या दुकानात मिळाली. एकेकीला पंखाखाली, मानेखाली, शेपटीखाली चोळली. त्याचा निरोप असाही की पावडरीनं लिखा मरत नाहीत, म्हणून दहा दिवसांनी पुन्हा चोळा, विसरू नका. शिवाय जुन्या टबात राख आणि कोरडी माती भरून ठेवा, त्या आपली आंघोळ आपण करतील. ठेवला. पाच मिनिटांत सहाजणी टबात, पाय वर करून लोळताहेत.

एकूण काय, निदान माझं, उपचार माझा. दाणेवाल्याचा थोडा हातभार.

१० फेब्रुवारी, सोमवार

दिवसभर डोकं खाजतंय. माझं! कोंबडीच्या उवा माणसाच्या डोक्यात राहत नाहीत, हे दाणेवाल्यानं न विचारता सांगून पाठवलंय. तरी खाजतंय. चौकशीबाई कुंपणापासून चार हात लांब उभ्या राहून चौकशी करून गेल्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार

खुराडं म्हणजे आमचं जुनं कपड्यांचं कपाट, आडवं पाडून, दाराच्या जागी जाळी मारून ह्यांनी केलेलं. त्याच्या फटींमध्ये रक्त पिणारे लाल किडे दडून बसतात आणि अंधार पडला की बाहेर येतात, असं दाणेवाल्याचं म्हणणं. तपासायची युक्तीही त्याचीच — बसायच्या दांडीखाली पांढरं कापड अंथरून ठेवा, सकाळी काढून बघा. माझी जुनी युनिफॉर्मची साडी फाडली. आज सकाळी बघितलं. विष्ठा आहे, दोन पिसं आहेत, लाल ठिपका एकही नाही. म्हणजे शत्रू एकच, उवा. तोही हटतोय. आज फुंकून बघितलं तर सात नंबरला मोजून तीन.

दाणेवाला हल्ली फार हुशार झालाय. एकदा जाऊन आभार मानले पाहिजेत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

उवा जवळपास गेल्या. मग पाठी का वाईट दिसताहेत? चार नंबरची जागा आता तळहाताएवढी झालीय आणि मध्ये जखम. सात नंबरचीही ओली आहे. बरी होण्याआधी जखम थोडी बिघडल्यासारखी दिसते, हे मी शेकडो पेशंटच्या नातेवाइकांना सांगितलंय. घाबरण्यासारखं काही नाही. लाल औषध दोनाऐवजी तीन वेळा लावते.

एक गंमत. बाकीच्या तलंगा चार नंबरच्या मागे मागे असतात, तिच्या पाठीवर हलकेच चोच मारतात. उरलेल्या उवा वेचत असणार, माकडं वेचतात तशा. एकमेकींची सेवा! ट्रेनिंगमधल्या पोरींना हे दाखवायला हवं होतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

चार नंबर दांडीवर चढत नाही. कोपऱ्यात बसून आहे. हळद-भाताची गोळी चोचीत भरवली, गिळली. ताप नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

चार नंबर गेली.

सकाळी कोपऱ्यात आडवी होती. पाठ उघडी, आतलं मांस दिसत होतं. बाकीच्यांच्या चोचींना रक्त.

वॉर्डात किती गेले, मोजले नाहीत. मोजायचे नसतात. डोळे मिटायचे, चादर ओढायची, रजिस्टरात वेळ टाकायची, पुढच्या खाटेकडे वळायचं. आज मला त्या मूठभर तलंगेवर फडकं टाकवेना. हे म्हणाले, ‘‘बस तू.’’ ह्यांनीच लिंबाच्या आळ्याजवळ खड्डा केला.

मी रडले. लिहूनच ठेवते, रडले. कुठे चुकलं तेच कळत नाही. उवा मारल्या, जखम धुतली, औषध लावलं, चार्ट ठेवला. सगळं बरोबर केलं आणि पेशंट गेला.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज स्वतः दाणेवाल्याकडे गेले. म्हटलं, माणूस हुशार आहे, जखमेचं त्याला तोंडानं विचारावं. ह्यांना न सांगताच गेले.

दुकान उघडं होतं, दाणेवाला पेपरात. मी म्हटलं, ‘‘तुमच्या पावडरीनं उवा गेल्या हो, पण पाठी चिघळताहेत. एक तर दगावली.’’

त्यानं पेपर खाली केला. ‘‘कोण दगावली?’’

‘‘चार नंबर.’’

‘‘बाई, बसा जरा. पाणी देऊ का?’’

मी सगळं सांगितलं — शेपटीखाली बघा म्हणालात, कापड अंथरा म्हणालात, दहा दिवसांनी पुन्हा पावडर म्हणालात. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘‘बाई, मी पोती विकतो. कोंबडी आजवर ताटात सोडून मी कुठे बघितलेली नाही. साहेब इथे येतात हे खरं. बाहेरच्या बाकावर बसून फोनवर बोलतात, अर्धा-अर्धा तास. कागदावर लिहून घेतात. मला वाटलं, कुणाची शिकवणी चाललीय.’’

मी ‘‘अस्सं’’ म्हणाले. दुसरं काय म्हणणार? एक किलो कणी घेऊन परत आले. कणीची गरज नव्हती.

घरी हे वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत बसलेले. समोर पिशवी ठेवली आणि म्हटलं, ‘‘दाणेवाल्यानं नमस्कार सांगितलाय.’’

चेहरा बघण्यासारखा होता! एरवी मूग गिळून बसतील, पण खोटं पचवता येत नाही ह्यांना. म्हणाले, ‘‘काय करू मग? तू तिला विचारायची नाहीस. तिनं सांगितलं म्हटलं तर ऐकायची नाहीस. म्हणून दाणेवाल्याला मध्ये घातला.’’

‘‘म्हणजे माझं सगळं हसं —’’

‘‘हसं?’’ हे मोठ्यानं बोलले. ह्यांचा आवाज चढलेला मी वर्षा-दोन वर्षांतून एकदा ऐकते. ‘‘रोज विचारते ती. आधी सात नंबर कशी आहे विचारते. मग तू कशी आहेस ते. तो खोडलेला प्रश्न काय होता माहीत आहे? ‘आईचा गुडघा कसा आहे?’ हाच होता.’’

मी जेवले नाही. रागानं नाही. राग आणायचा प्रयत्न केला, आला नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

फोन हातात घेतला, ठेवला. चार वेळा. सात नंबर कोपऱ्यात बसायला लागलीय, चार नंबर बसायची तशीच.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी नऊला ह्यांच्या फोनवरून लावला. माझ्या फोनवरून लावला असता आणि तिनं उचलला नसता तर? एवढी हिंमत माझ्यात नाही.

‘‘हां बाबा, बोला.’’

‘‘बाबा नाही.’’

‘‘चार नंबर गेली ना. बाबा म्हणाले. बाकीच्यांचं सांग.’’

‘कशी आहेस’ नाही, ‘इतक्या दिवसांनी आठवण झाली का’ नाही. थेट केसवर! मी असते तर मीही हेच केलं असतं. मग मीही ड्यूटी बदलताना देतात तसा रिपोर्ट दिला. वय, लक्षणं, तारखा, उवांचे आकडे. ती मध्ये बोलली नाही. संपल्यावर एकच प्रश्न — ‘‘जखमेला काय लावतेस?’’

‘‘लाल औषध. दिवसातून तीनदा.’’

‘‘लाल?’’

‘‘लालच असतं ना ते.’’

ती इतक्या हळू आवाजात बोलली की मला फोन कानाला दाबून धरावा लागला. ‘‘आई, कोंबडीला लाल दिसलं की ती टोचते. रक्त काय, रंग काय, तिला फरक कळत नाही. एकीनं टोचलं की सगळ्या टोचतात. बाबांनी मला हे सांगितलंच नाही, नाहीतर पहिल्याच दिवशी बंद करायला लावलं असतं.’’

ह्यांनी कसं सांगावं? ड्रेसिंगच्या वेळी मी कुणाला जवळ उभं राहू देत नाही.

म्हणजे ती सेवा नव्हती. चार नंबरच्या पाठीवर मीच खूण करून दिली, दिवसातून तीनदा, कापसानं, हलक्या हातानं. छत्तीस वर्षांच्या अनुभवानं.

तिनंच म्हटलं, ‘‘तुला कसं माहीत असणार? माणसांच्या वॉर्डात कुणी जखमेवर टोचत नाही.’’

‘‘टोचतात,’’ मी म्हटलं.

ती म्हणाली, शनिवारी येते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

तिच्या सांगण्याप्रमाणे — लाल धुऊन काढलं, जांभळं औषध लावलं. सात आणि अकरा दोघींना जाळीपलीकडे ठेवलं, बाकीच्यांना दिसतील पण चोच पोचणार नाही अशा. खुराड्यात कोबीचा गड्डा दोरीनं टांगला, टोचायचंय ना, टोचा. दहा दिवस भरले म्हणून पावडरीचा दुसरा हात. सगळं केलं. उलट प्रश्न एक नाही! हे माझ्याकडे काळजीनं बघत होते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कोबीचा फक्त देठ उरलाय. सात नंबर उठून उभी राहिली. वरच्या खोलीतल्या पलंगावरचे खोके काढले, चादर बदलली. मग पुन्हा बदलली, निळी घातली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आली. वाळलीय. केस कापलेत. पायांतल्या चपला काढायच्या आत म्हणाली, ‘‘आधी त्यांना बघते.’’ मी मिठी मारायला पुढे झाले होते, ती माझ्या अंगावरून परसात. बरं झालं. मलाही कुठे सुचत होतं पुढचं काही?

सात नंबरला तिनं कशी उचलली ते लिहून ठेवायलाच हवं. मी धरते तेव्हा फडफड, ओरडा, माझ्या हातांवर ओरखडे. हिनं डावा हात पोटाखाली सरकवला, दोन्ही पाय बोटांत धरले आणि तिचं डोकं आपल्या काखेत घेतलं. बस्स. तलंग गप्प. उजव्या हाताची बोटं पाठीवरून अशी फिरली की बघणारीचंही दुखणं थांबावं. माझ्या हाताखाली दीडेकशे पोरी शिकून गेल्या. असे हात असलेल्या तीन की चार होत्या.

‘‘इकडे ये, आई. दिवा आण.’’

जखमेच्या कडेला निळसर काळे ठिपके. कातडीखालून टाचणीच्या डोक्यासारखे वर येणारे.

‘‘हे नवीन पिसांचे कोंब. येताहेत. ही वाचली.’’

मग तिनं चार्ट मागितला. वही उलटी करून शेवटचं पान दिलं, पुढचं उघडू नकोस म्हटलं. उभ्यानंच वाचला, सगळा, बोट ठेवून. ‘‘एवढा स्वच्छ केसपेपर माझ्याकडे कुणीच कधी आणला नाही. उवा तूच शोधल्यास. ते निदान तुझंच होतं, आई, आणि बरोबर होतं.’’

मी म्हटलं, ‘‘आणि चार नंबर?’’

तिनं वही मिटली. ‘‘माझ्याही गेल्यात. माझ्या हातानं गेल्यात.’’

एवढंच. पुढे काय ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आम्ही दोघींनी मिळून सात नंबरला जांभळं लावलं, तिनं धरली, मी लावलं.

संध्याकाळी तिघं जेवायला बसलो. हे एकटेच बोलत होते, आनंदानं, वाटेल ते. खुराडं लहान पडतंय, अकराजणींना दुप्पट जागा हवी, असं तिनं सांगताच ह्यांनी ताट बाजूला सारून नकाशा काढायला घेतला.

२३ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर ठोकाठोक. बाप-लेकीनं पलंगाच्या जुन्या फळ्या लावून खुराडं वाढवलं. दांड्या दोनच्या चार केल्या. मी खिळे पुरवले आणि सूचना दिल्या. सूचना कुणी ऐकल्या नाहीत.

दुपारी चौकशीबाई आपलं मांजर टॉवेलात गुंडाळून आल्या. चौकशी अर्थात पंधरा मिनिटं. मांजराचा कान सुजला होता. लेकीनं त्यांना आधी शांत केलं, मग मांजराला, मग कान साफ केला. बाईंना औषध कसं घालायचं ते तीनदा सांगितलं आणि तीनदा त्यांच्याकडून म्हणवून घेतलं. म्हणवून घेणं माझं आहे! डिस्चार्जच्या वेळी मी एकेका पेशंटकडून असंच म्हणवून घ्यायची. ती लहानपणी शाळेतून थेट वॉर्डात यायची, माझ्या टेबलाखाली बसून गृहपाठ करायची. मला वाटायचं, गृहपाठच करते.

तिला काम करताना मी या दोन दिवसांआधी एकदाही बघितलं नव्हतं. न बघताच चौदा महिने मत देत होते. डॉक्टर आहे माझी लेक. कुठल्याही रांगेत उभी करा.

ठरवलंय. उद्या ती निघायच्या आत सांगायचं — पुढच्या महिन्यात तुझा दवाखाना बघायला येते, चार दिवस राहायला. तुझी रजिस्टरं नीट लावून देते. फीत कापून झाली असेल, पण एखादं कपाट तरी उघडायचं राहिलं असेलच.

२४ फेब्रुवारी, सोमवार

साडेआठ वाजले तरी निघायची लक्षणं दिसेनात. म्हटलं, ‘‘अगं, सोमवार आज. दवाखाना उघडायचा नाही का?’’

दवाखाना नाहीये. पाच महिन्यांपूर्वी पाटी उतरवली. एका कंपनीत बसून औषधांच्या याद्या तपासते, आज तिथे रजा टाकलीय. ह्यांनाही माहीत नव्हतं. का, म्हणून विचारलं. कप विसळता विसळता, माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘तू बरोबर होतीस, आई.’’

नव्हते.

हे इथे लिहून काय उपयोग! ती परसात आहे, सात नंबरला मांडीवर घेऊन बसलीय. जाते.